एकट्याने, उतारावरून, हरणाचं मांस पाठीवर

प्रश्न थोडक्यात असा. कोलोरॅडोत सॅन हुआन पर्वतांत दुसऱ्या रायफल सीझनसाठी म्यूल डिअर जातीच्या हरणाच्या नराचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागला आहे. जागा रस्त्यापासून 5 किलोमीटर आत आणि 700 मीटर वर. सोबत्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. घरात ट्रेकिंगची 65 लिटरची सॅक आहे. एकट्याने एका फेरीत मांस खाली आणता येईल का, आणि त्यासाठी शिकारीची वेगळी सॅक घ्यावी का?

एका फेरीत नाही. सॅक मात्र घ्या, किंवा कुणाची मागून आणा. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे, आणि बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे: हरीण नेमकं कुठे पडणार? त्याकडे येतोच.

आधी वजन. पूर्ण वाढलेला नर जिवंत असताना 90 किलोच्या आसपास धरा. नीट सोलून, हाडं काढून निव्वळ मांस 30 किलोच्या आगेमागे भरतं. (इथे सगळे पौंडात बोलतात. इतकी वर्षं झाली तरी पाठ मात्र किलोतच मोजते.) चारही पाय हाडांसकट आणले तर आणखी 5 ते 7 किलो. शिंगांसकट मुंडकं 4-5 किलो. रायफल, सॅक, पाणी, गरम कपडे, दिवा, खाणं यांत कितीही काटकसर केली तरी 11-12 किलो होतातच. म्हणजे एका फेरीचा बेत केला तर 45 किलोंच्या वर गेलात.

सपाट रस्त्यावर धडधाकट माणूस 45 किलो कसेबसे नेतो. उतारावर गणित वेगळं असतं. चढताना मांडीचे स्नायू आखडून जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि स्नायूंना सगळ्यात जास्त इजा याच कामात होते. दम लागत नाही, त्यामुळे आपण मजेत चाललोय असं वाटत राहतं. मग दोन तासांनी गुडघे अचानक लटपटायला लागतात, आणि तेव्हा तुम्ही नेमके घसाऱ्यावर असता. मी पाहिलेले बहुतेक अपघात चढावर झालेले नाहीत. शेवटच्या किलोमीटरभर उतारात, गाडी दिसायला लागल्यावर झालेत.

म्हणून दोन फेऱ्या. 5 किलोमीटरच्या दोन फेऱ्या म्हणजे एकूण 15 किलोमीटर चाल, त्यातली 5 रिकाम्या पाठीने वर. नकोसं वाटतं खरं, पण 25-30 किलो घेऊन दोनदा उतरणं आणि 45 घेऊन एकदा उतरणं यांत माझ्या गुडघ्यांनी कधीच दुसरा पर्याय निवडला नसता. त्यांना विचारलं नाही, ती माझी चूक.

आता हरीण कुठे पडणार ते. रायफल खांद्याला लावण्याआधी स्वतःला एकच विचारा: हा इथे पडला तर गाडीपर्यंतची वाट सलग उताराची आहे, की मध्ये चढ आहे? ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, 300 मीटर अंतरावर उभा असलेला नर फार जवळ वाटतो. पण त्याच्यापर्यंत पोचायला 200 मीटर खाली उतरायचं आणि परतताना तेच 200 मीटर ओझ्यासकट चढायचं, शिवाय दोन वेळा. गोळी पोचते म्हणून माणूसही पोचेल असं नसतं. एका वर्षी संध्याकाळी साडेचारला असाच एक देखणा नर अर्धा तास समोर चरत होता. मी दुर्बिणीतून त्याला पाहिलं, नकाशा पाहिला आणि रायफल गुंडाळून खाली आलो. मित्र अजून हसतात.

परतीची वाटही उजेडात, वर जातानाच ठरवून ठेवा. मराठी ट्रेकर मंडळींना सवय असते ती नाळेने, म्हणजे घळीतून, उतरायची, कारण आपल्याकडच्या वाटा बहुधा तिथूनच जातात. इथे ती सवय सोडा. इथल्या घळींत पडलेली झाडं एकावर एक रचलेली असतात, ओढ्याकाठी झुडपं इतकी दाट की सॅक अडकून तुम्हीच मागे खेचले जाता, आणि खाली कुठेतरी कातळाची पायरी असते जी वरून दिसतच नाही. सरकारी टोपो नकाशांवर डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमधलं अंतर बहुधा 40 फूट असतं. म्हणजे 10 मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. माझ्या तिसऱ्या सीझनला मी असाच एका घळीत उतरलो. अंधार, पाठीवर जेमतेम 30 किलो, आणि समोर दिव्याचा उजेड एकदम संपला, कारण पुढे जमीनच नव्हती. तिथून 150 मीटर परत चढायला मला दीड तास लागला. तेव्हापासून मी धारेवरूनच उतरतो. सोंड लांबची वाटली तरी तिच्यावर झाडी विरळ असते, जनावरांच्या पाऊलवाटा असतात, आणि आपण कुठे आहोत ते कळतं. गेलेल्या वाटेची नोंद फोनमध्ये ठेवा, पण फोन थंडीत मान टाकतो. अवघड वळणांवर नारिंगी फितीचे तुकडे बांधा आणि दुसऱ्या फेरीत सोडून आणा.

हरीण पडल्यावर पोट फाडण्याची गरज नाही. आतडी आतच ठेवून मांस काढायची पद्धत एकट्या माणसाला सगळ्यात सोयीची. जनावर कुशीवर घ्या. तीव्र उतारावर असेल तर आधी शिंगं किंवा पाय एखाद्या झाडाला दोरीने बांधा, नाहीतर अर्धवट सोललेलं हरीण घरंगळत खाली जाईल. पाठीच्या कण्यावरून चीर देऊन एका बाजूची कातडी पोटाकडे उतरवा. पुढचा पाय कुठल्याही सांध्याने धडाला जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, त्यामुळे फऱ्याखालून सुरी फिरवली की अलग होतो. मागच्या मांडीला उखळीचा सांधा शोधावा लागतो. पाय वर उचलून हलवत राहा, गोळा कुठे फिरतोय ते कळतं. मग कण्यालगतचा लांब पट्टा, मानेचं मांस, बरगड्यांमधलं. आतली फिलेट शेवटच्या बरगडीच्या मागे हात घालून काढता येते. मग उलटवून दुसरी बाजू. पहिल्यांदा करत असाल तर दोन तास धरा.

इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. मांस गरम असताना, जनावर ताठण्याआधी हाडावरून काढलं तर स्नायूला धरून ठेवणारं काही उरत नाही. तो आक्रसतो आणि मांस चिवट होतं. म्हणून ज्यांना दोन फेऱ्या करायच्याच आहेत त्यांना खरं तर फायदाच आहे. पहिल्या संध्याकाळी एक मागची मांडी आणि एक पुढचा पाय हाडासकट न्या, सोबत पाठीचे पट्टे आणि फिलेट. (पट्टे लगेच काढावेच लागतात, त्याला इलाज नाही.) उरलेले दोन पाय हाडासकट रात्रभर टांगून ठेवा. सकाळी ते थंड आणि ताठलेले मिळतील, तेव्हा त्यांची हाडं काढा. दुसऱ्या फेरीत तेवढं वजन वाचेल, आणि मानेचं मांस व मुंडकं त्यात मावेल.

टांगायची जागा निवडताना आत्ता सावली कुठे आहे ते पाहू नका, उद्या सकाळी दहाला ऊन कुठे येईल ते पाहा. झाडाची उत्तरेची बाजू, वारा लागेल अशी. ऑक्टोबरअखेर त्या उंचीवर रात्री गोठतं, त्यामुळे मांस लवकर 4 अंशांच्या खाली जातं. धोका असतो तो दुपारच्या उन्हाचा आणि प्लास्टिकचा. कापडी, हवा खेळणाऱ्या गेम बॅगा वापरा. प्लास्टिकमध्ये ऊब आणि ओल दोन्ही कोंडतात. सॅकला रक्त लागू नये म्हणून कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी वापरायची तर फक्त चालताना, आणि तीही मांस थंड झाल्यावरच.

सांगाड्यापासून किमान शंभरेक मीटर दूर टांगा, आणि परतताना लांबून दिसेल असं. कोलोरॅडोत ग्रिझली अस्वल उरलेलं नाही. शेवटचं ज्ञात ग्रिझली 1979 मध्ये याच सॅन हुआन पर्वतांच्या दक्षिण भागात मारलं गेलं. पण काळी अस्वलं आहेत, आणि ऑक्टोबरात ती झोपेआधीची चरबी साठवत हिंडत असतात. सकाळी परतताना आवाज करत या, थोडं आधी थांबून दुर्बिणीने पिशव्यांकडे पाहा. कुणी ताबा घेतला असेल तर भांडू नका. वायोमिंग किंवा मोंटॅनात, जिथे ग्रिझली आहेत, असता तर याच परिच्छेदावर मी दोन पानं लिहिली असती.

आता सॅक. ट्रेकिंगची सॅक वाईट नसते, ती वेगळ्या कामाची असते. 15-18 किलो फुगीर सामानासाठी तिची पाठ बनवलेली असते. तिच्यात 30 किलो थंड, जड, लवचीक मांस टाकलं की फ्रेम वाकते, कमरपट्टा घसरतो, आणि सगळा भार खांद्यांवर येतो. त्याहून वाईट म्हणजे मांस तळाशी बसतं. हाडं काढलेलं मांस म्हणजे पाण्याने भरलेली पखाल. प्रत्येक पावलाला डुचमळते आणि तुम्हाला मागे ओढते.

शिकारीच्या सॅकमध्ये ताठ फ्रेम आणि पिशवी वेगळ्या होतात, आणि ओझं त्या दोघांच्या मध्ये, फ्रेमला चिकटून बसतं. याला लोड शेल्फ म्हणतात. मांस पाठीच्या जितकं जवळ, तितकं कमी वजन जाणवतं. पिशवी त्याच्या बाहेर आवळली जाते आणि तिच्यात तुमचं हलकं सामान राहतं. मिस्टरी रँच, स्टोन ग्लेशियर, एक्सो अशा बऱ्याच कंपन्यांच्या सॅका या तत्त्वावर आहेत. कुठली घेऊ म्हणून रात्र रात्र वाचत बसू नका. तुमच्या धडाच्या लांबीला बसणारी आणि फ्रेम खांद्यापेक्षा थोडी वर जाणारी हवी. फ्रेम खांद्याएवढीच असेल तर वरचे ओढपट्टे (खांदेपट्ट्यांपासून फ्रेमच्या वरच्या टोकाला जाणारे) आडवे राहतात आणि खांद्यावरचा भार उचलतच नाहीत.

बांधायची रीत माझी अशी आहे. सॅक जमिनीवर पाठीवर टाकायची, सगळे पट्टे पूर्ण सैल. हाडासकट असलेली मांडी उभी, जाड बाजू वर, थेट फ्रेमला लावून. तिच्या कडेला पुढचा पाय उलटा, म्हणजे एकाची बारीक बाजू दुसऱ्याच्या जाड बाजूशी जुळते. हाडाविना मांस असेल तर एका मोठ्या पिशवीत कधीच नाही. 5-6 किलोंच्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीचं तोंड मांसाला घट्ट भिडवून गाठ मारलेली, आत मोकळी जागा नको. मग सगळ्यात आधी खालचा पट्टा आवळायचा. तो ओझ्याचा ओटा होतो, त्यावर बाकीचं उभं राहतं. वरचे पट्टे आधी ओढलेत तर पाचशे पावलांत सगळं खाली सरकून कंबरेखाली लोंबतं. हे मी इतक्या जणांचं पाहिलंय की आता वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसालाही थांबवून सांगतो.

जड भाग खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये यावा. फार तीव्र आणि निसरड्या उतारावर मी तो वीतभर खाली घेतो, कारण वर जड असलं की घसरताना तोल सावरत नाही. पण उंची चुकली तर चालेल, पाठीपासून लांब गेलेलं चालणार नाही. एखादी मांडी सॅकच्या बाहेरच्या बाजूला अडकवून फोटो छान येतो, उतरता येत नाही.

घालताना आधी कमरपट्टा. तो कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे, पोटावर नाही. दुखेल इतका आवळा. मग खांदेपट्टे, मग वरचे ओढपट्टे, मग छातीचा. चालताना दर वीसेक मिनिटांनी थोडा भार कंबरेवरून खांद्यावर आणि परत कंबरेवर फिरवत राहा. उठायची कला शिकून घ्या. सॅक उताराच्या वरच्या अंगाला टेकवायची, तिला पाठ लावून बसायचं, पट्टे घालायचे, कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं आणि काठ्यांच्या आधाराने उभं राहायचं. जमिनीवरून हिसका देऊन उचलायला गेलात तर पुढचा आठवडा अंथरुणात. विश्रांतीला दरवेळी सॅक उतरवू नका. कमरेएवढ्या दगडावर किंवा आडव्या ओंडक्यावर टेकवा, दोन मिनिटं श्वास घ्या, चाला.

काठ्या दोन, आणि उतरताना 5 ते 10 सेंटिमीटर लांब केलेल्या. पावलं छोटी. घसाऱ्यावर सरळ खाली न जाता आडवं, वळणं घेत. घसरलात तर वरच्या अंगाला, ढुंगणावर बसा. पडायचंच असेल तर डोंगराकडे पडायचं. ओढा ओलांडताना मात्र कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, पाण्यात पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे.

रायफल पहिल्या फेरीतच खाली जाते, आणि चेंबर रिकामं करूनच. दुसऱ्या फेरीला जाताना सॅक, पाणी, दिवा, सुरी, कोरडे मोजे एवढंच.

कायद्याचं थोडं, कारण याच बाबतीत नवखे अडकतात. कोलोरॅडोत किमान चारही पाय, पाठीचे पट्टे आणि फिलेट खाण्यासाठी आणावेच लागतात. शिंगं घेऊन मांस सोडणं हा गुन्हा आहे, आणि असला पाहिजे. नर-मादी ओळखण्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला असावा लागतो, म्हणून एका मागच्या मांडीवर तो, म्हणजे जननेंद्रियाचा भाग, सोलतानाच राखून ठेवा. नंतर चिकटवता येत नाही. दोन फेऱ्यांत मांस विभागताना टॅग आणि पुरावा कशासोबत ठेवायचा, हे निघण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, म्हणजे पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या, कार्यालयात फोन करून विचारा. ते लोक सरळ सांगतात. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी लागते. सॅक चढवली की जाकिटाचा निम्मा नारिंगी भाग झाकला जातो, शिवाय पाठीवर शिंगं हलत असतात. शिंगांवर नारिंगी कापड गुंडाळा. आपण लांबून हरणासारखे दिसू नये, एवढीच इच्छा. शिंगांची टोकं खालच्या दिशेला वळवून बांधा, पडताना मानेत घुसू शकतात.

मुंडकं का आणायचं, असंही तुम्ही विचारलं असतं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग पहिल्यांदा 1967 मध्ये कोलोरॅडोतच, बंदिस्त म्यूल डिअरमध्ये दिसला. आता तो राज्यात बराच पसरलाय. काही युनिट्समध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नराची तपासणी सक्तीची असते आणि त्यासाठी घशामागच्या लसिका ग्रंथी लागतात, म्हणजे मुंडकं जमा करावं लागतं. तुमच्या टॅगसोबत तसं पत्र आलंय का ते पाहा. सक्ती नसली तरी मी तपासून घेतो. रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे. कापताना मेंदू आणि पाठीचा कणा चिरू नका. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर अख्खं मुंडकं आणि कणा सीमेपार न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे, त्याचा विचार आधीच करा.

चाकाची गाडी घेऊन जाऊ का, असं कुणीतरी सुचवेलच. तुमची जागा सॅन हुआनमधल्या वेमिनूच विल्डरनेस या संरक्षित रानाच्या हद्दीत येत असेल तर 1964 च्या विल्डरनेस कायद्याने यांत्रिक वाहतूक बंद आहे आणि त्यात हातगाडीही आली. तसंही त्या उतारावर चाकाची गाडी तुम्हालाच ओढून नेईल. फरफटत नेण्याचाही विचार नको. मांसात माती, केस, दगडाची कच, आणि तुमच्या खाली सुटलेलं 70 किलोंचं धूड.

तयारीला तुमच्याकडे अजून वेळ आहे. सगळे जण चढाचा सराव करतात. तुम्ही उताराचा करा. सॅकमध्ये 20-25 किलो वाळूच्या पिशव्या बांधा आणि एखादा तासभराचा उतार सावकाश उतरा. पहिल्यांदा दोन दिवस जिने उतरता येणार नाहीत. पण एकदा असं मांड्या भरून आल्या की पुढचे काही आठवडे त्याच श्रमाने तितकी इजा होत नाही. म्हणून सीझनच्या दोन-तीन आठवडे आधी एक-दोन मोठे उतार करा आणि शेवटचा आठवडा पाय मोकळे ठेवा. नवी सॅक असेल तर त्याच सरावात तिचे पट्टे बसवून घ्या. अंधारात, रक्ताळलेल्या हातांनी आणि बोटं गारठलेली असताना बकल शोधता आलं पाहिजे.

शेवटचं गाडीचं. निघतानाच गाडीत मोठा कूलर आणि बाटल्यांत गोठवलेलं पाणी ठेवा, सुटा बर्फ नको. पहिल्या फेरीचं मांस रात्रभर तिथे राहणार आहे आणि वितळलेल्या पाण्यात भिजलेलं मांस सकाळपर्यंत फिकट, गिळगिळीत होतं. कूलरच्या तळाला जाळी किंवा चार फांद्या घाला, वर मांस, झाकण घट्ट. मग स्वतः काहीतरी गरम प्या, मोजे बदला आणि झोपा. दुसरी फेरी उजाडल्यावर.